पोर्ट उघडण्याची घाई

घरातला गेमिंग कन्सोल बाहेरगावाहून खेळता यावा म्हणून राउटरशी झटापट करणाऱ्या माणसाला आपल्याकडे सल्लागारांची वानवा नसते. वरच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा, केबल ओढायला आलेला पोरगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात रेंगाळलेला भाचा, ही एरवी कशावरही एकमत न होणारी मंडळी इथे मात्र एका सुरात सांगतात, ‘‘पोर्ट उघड.’’ पोर्ट कोणत्या बाजूने उघडतं आणि उघडल्यावर त्यातून नक्की काय आत येतं, हे विचारायचं नसतं. तेवढ्याने भागलं नाही तर यूपीएनपी चालू करायला सांगतात, मग कन्सोल डीएमझेडमध्ये टाकायला, मग डीएनएसच्या रकान्यात चार वेळा आठ लिहायला. सगळं हरलं की शेवटी एमटीयू १४७३ करायचं. १४७३च का, १४७२ का नाही, असं विचारणारा माणूस श्रद्धाहीन समजला जातो. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देण्याचं. गेम एकदा सुरू झाला की त्याला तिथे कुणी विचारत नाही, तरी अडखळणाऱ्या चित्रावर ते चार आठ अजूनही लावले जातात. माझं म्हणणं असं की हा सगळा क्रमच उलटा आहे. पोर्ट उघडणं हा शेवटचा उपाय आहे, बऱ्याच घरांत त्याची गरजच नाही, उरलेल्यांपैकी कित्येकांत तो करूनही उपयोग नाही, आणि रिमोट प्ले बंद पाडणारा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा घरातच, राउटरपासून दहा पावलांवर, निवांत बसलेला असतो.

मुळात हा प्रकार चालतो कसा ते पाहिलं की संशयितांची यादी आपोआप आखडते. रिमोट प्लेमध्ये गेम तुमच्या हातातल्या फोनवर चालतच नाही. तो घरी टीव्हीखालच्या कन्सोलमध्ये चालतो. कन्सोल सेकंदाला साठपर्यंत चित्रं या वेगाने त्याचा व्हिडिओ बनवून तुमच्याकडे पाठवतो, आणि तुमच्याकडून परत जातात ती फक्त दाबलेली बटणं. सोनीने हे २००६ साली प्लेस्टेशन ३ आणि खिशातल्या पीएसपीच्या जोडीने सुरू केलं, तेव्हा त्यावर चालणारे गेम मोजकेच होते. २०१३च्या प्लेस्टेशन ४ने ते मार्गी लावलं, २०१६ साली ते संगणकावर आलं, २०१९मध्ये सर्रास फोनवर, आणि २०२३च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन पोर्टल नावाचं आठ इंची पडद्याचं एक यंत्र आलं, ज्याला त्या वेळी घरच्या कन्सोलचं चित्र ओढून आणण्यापलीकडे काही म्हणता काही येत नव्हतं. सोनीची अट आहे किमान ५ एमबीपीएस, आणि बरं चालायचं असेल तर १५. ही अट वाचून लोक आपला डाउनलोडचा आकडा काढतात आणि ‘आपल्याकडे तर शंभरचा प्लॅन’ म्हणून निश्चिंत होतात. पण इथे घर घेणारं नाही, देणारं आहे. व्हिडिओ घरातून बाहेर जातो, तेव्हा बघायचा तो घराचा अपलोड, आणि तो आकडा जाहिरातीत असलाच तर तारांकित चिन्हाखाली असतो. दुसरं टोक तुमच्या फोनचं. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर ५ एमबीपीएसच्या हिशेबाने तो बरोबर चाळीस मिनिटांत संपतो. उरलेले तेवीस तास वीस मिनिटं वाचन करावं.

आता त्या बदनाम राउटरकडे वळू. १९८१च्या सप्टेंबरात इंटरनेटच्या पत्त्यांचे जे नियम प्रसिद्ध झाले त्यांत एका पत्त्याला ३२ बिट दिले होते, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्या काळी हे जगाला पुरून उरतील असंच कुणालाही वाटलं असतं. दहा-बारा वर्षांतच ते पुरणार नाहीत हे दिसायला लागलं, तेव्हा मे १९९४मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तोडगा लिहून काढला: एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अख्ख्या कार्यालयाचे संगणक बसवायचे. त्याला नाव पडलं नॅट. दीर्घ पल्ल्याचा उपाय सापडेपर्यंतची ही सोय आहे, असंच त्या दोघांनी मांडलं होतं. तात्पुरती सोय किती टिकते हे ज्या राज्यात तात्पुरत्या वर्गखोल्यांत तीन पिढ्या शिकल्या तिथे वेगळं सांगायला नको. तर हा नॅट म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन. बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता ठाऊक. आतल्या फ्लॅटचे नंबर, म्हणजे ते १९२.१६८ने सुरू होणारे आकडे, बाहेर कुणाला कळत नाहीत आणि कळून उपयोगही नाही, कारण शेजारच्या सोसायटीतही तेच नंबर असतात. ३०४ नंबरने प्लंबरला बोलावलं की वॉचमन वहीत नोंद करतो आणि प्लंबर आला की आत सोडतो. न बोलावता आलेल्याला तो परत पाठवतो. यात उद्धटपणा नाही. हा माणूस कुणाकडे आलाय हेच बिचाऱ्याला माहीत नसतं.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या वॉचमनला दिलेली कायमची सूचना: ९२९५ म्हणत जो येईल त्याला न विचारता ३०४मध्ये सोड. डीएमझेड म्हणजे कुणीही, काहीही म्हणत आला तरी ३०४मध्ये सोड. आणि यूपीएनपी म्हणजे सोसायटीतल्या कुठल्याही फ्लॅटमधून कुणीही, अगदी भाडेकरूच्या पाहुण्यानेही, वॉचमनला परस्पर असल्या सूचना द्याव्यात आणि त्याने त्या निमूट मानाव्यात. हे एवढं समजलं की रिमोट प्लेला असल्या कायमच्या सूचना लागतातच का, हा प्रश्न सरळ विचारता येतो. उत्तर आहे, सहसा नाही. घरातला कन्सोल आणि तुमच्या हातातला फोन दोघेही एकाच खात्याने कंपनीच्या सर्व्हरशी आधीच बोलत असतात. सर्व्हर दोघांना एकमेकांचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट कळवतो. मग दोघेही एकाच सुमारास एकमेकांच्या दिशेने पॅकेट पाठवतात. इकडच्या वॉचमनच्या वहीत नोंद होते की आपल्या माणसाने तिकडे निरोप धाडलाय. तिकडच्याच्या वहीतही तशीच. दोघांनाही आलेला पाहुणा बोलावलेला वाटतो, आणि फाटक उघडतं. या युक्तीला होल पंचिंग म्हणतात आणि त्यासाठी लागणाऱ्या चौकशीची रीत २००३ सालापासून अधिकृतपणे लिहून ठेवलेली आहे. राउटरच्या पानावर न जाता, पासवर्ड न आठवता, भाच्याला न बोलावता हे घडतं. कन्सोलच्या नेटवर्क तपासणीत नॅट टाइप २ दिसत असेल (एक्सबॉक्स असेल तर ओपन किंवा मॉडरेट), तर तुमच्या वॉचमनविरुद्ध तक्रारीला जागा नाही. बहुतेक लोक ही तपासणी पोर्ट उघडून झाल्यावर करतात.

आणि फाटक ओलांडायचंच नसेल तर? आपल्याकडे रिमोट प्लेची निकड बऱ्याचदा पुण्याहून नाशिकला पोचण्याची नसते, हॉलमधून बेडरूमपर्यंत पोचण्याची असते. संध्याकाळी सात ते दहा हॉलमधला टीव्ही मालिकांच्या ताब्यात, दहानंतर बातम्यांच्या, आणि सामना असेल त्या दिवशी सकाळपासूनच अहोंच्या. कन्सोल मात्र त्याच टीव्हीला बांधलेला. अशा वेळी आतल्या खोलीत पलंगावर पडून फोनवर खेळणं हा घरगुती शांततेचा मोठाच शोध आहे. पण या खेळातलं चित्र घराबाहेर जातच नाही. कन्सोलवरून राउटरवर, राउटरवरून फोनवर, संपलं. इथे पोर्टचा काडीमात्र संबंध नसतो. चित्र अडखळतं ते वायफायमुळे. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. कन्सोल आणि फोन दोघेही वायफायवर असतील तर प्रत्येक चित्र त्याच हवेतून दोनदा प्रवास करतं. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न चेपणारी चॅनेलं साधारण तीनच, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगमधले राउटर जितके बिऱ्हाडं तितके. सुरुवातीच्या प्लेस्टेशन ४ला तर ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही; तो सगळ्यांबरोबर त्याच गर्दीत उभा. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो, त्यामुळे वरण गरम होईपर्यंत शत्रूला मारता येत नाही. राउटरची जागा ठरवताना तर कुणी विचारच करत नाही. जिथे केबलवाल्याची वायर पुरली तिथे तो टांगला जातो: दारावर, मीटरच्या पेटीशेजारी, शूरॅकमध्ये, टीव्हीच्या पाठीशी, फार तर लोखंडी कपाटावर गणपतीच्या मखराच्या खोक्याआड. कन्सोलपासून राउटरपर्यंत एक साधी लॅन केबल टाकली तर अर्धं दुखणं तिथेच संपतं. पण ‘‘वायर दिसते,’’ हा आक्षेप येतो, आणि ज्या घरात छताच्या पीओपीवर लाखभर खर्च झालाय तिथे या आक्षेपापुढे सोनीचे अभियंतेसुद्धा हात टेकतील. तेव्हा निदान ५ गिगाहर्ट्झवर जा, राउटर मोकळ्यावर आणा, आणि मखर वर्षातले अकरा महिने दुसरीकडे ठेवा.

बाहेरून खेळायचंच असेल तर वायफायनंतरचा संशयित अपलोडची रांग. घराच्या अपलोडवर फक्त कन्सोलचा हक्क नसतो. जिन्यातला सीसीटीव्ही कॅमेरा अहोरात्र आपलं चित्रण कुठल्यातरी सर्व्हरवर चढवत असतो, सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागले की लग्नाचे हजारभर फोटो ढगात पाठवायला घेतात, आणि घरून काम करणारी सून कॅमेरा चालू ठेवून बैठकीत असते. रस्ता भरला की राउटर पॅकेट टाकून देत नाही, रांगेत उभी करतो. आणि मेमरी स्वस्त झाल्यामुळे या रांगा भलत्याच लांब झाल्या आहेत. जिम गेटिस या अभियंत्याने २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर हेच पाहिलं आणि या रोगाला बफरब्लोट असं नाव दिलं. स्पीड टेस्टमध्ये आकडा उत्तम येतो, पण फोटो चढत असताना तुम्ही दाबलेलं बटण कन्सोलपर्यंत पोचून त्याचं चित्र परत येईस्तोवर तुमचा खेळाडू दरीत पडलेला असतो. खेळणारा म्हणतो, ‘‘नेट स्लो आहे.’’ नेट स्लो नसतं, रांग मोठी असते. राउटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असेल तर कन्सोलला रांगेत पुढे घेता येतं, किंवा एकूण अपलोडला प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा घालून रांगच आखूड ठेवता येते. फोटोंची वेळ रात्री तीनची करणं त्याहून सोपं. फक्त तीन वाजता तुम्ही खेळत नाही एवढं कबूल करावं लागेल.

आणि आता मुख्य आरोपी. महाराष्ट्रातलं कुटुंब गावाला निघालं की दाराशी बॅगा ठेवून एक फेरी मारतं: गॅस बंद, पाण्याचा कॉक बंद, देवापुढचा दिवा विझलेला, आणि शेवटी मेन स्विच खाली. लांबची सहल असेल तर फ्रिजसुद्धा रिकामा करून बंद होतो, मग कन्सोलची काय कथा. तिकडे गणपतीपुळ्याच्या हॉटेलात फोन ‘कन्सोल सापडत नाही’ म्हणतो आणि माणूस राउटरचं पान उघडू पाहतो. राउटरही अंधारातच असतो. रिमोट प्लेला कन्सोल रेस्ट मोडमध्ये लागतो, म्हणजे झोपलेला पण कान उघडे असलेला. इंटरनेटशी जोडलेलं राहणे आणि नेटवर्कवरून चालू होऊ देणे, या दोन परवानग्या सेटिंगमध्ये दिलेल्या लागतात. एवढ्या काळात तो खातो ती वीज काही वॅटची असते, पण ‘‘घरात कोणी नसताना काहीतरी चालू आहे’’ ही कल्पनाच पन्नाशीपुढच्या माणसाला झोपू देत नाही, आणि शॉर्टसर्किटच्या बातम्या वाचणाऱ्या बाबांपुढे वॅटचा हिशेब चालत नाही. स्विच वाचला तरी महावितरण आहेच. वीज जाऊन आली की राउटर आपला आपण उठतो. कन्सोल मात्र उठत नाही, कुणीतरी हाताने बटण दाबेपर्यंत पूर्ण बंदच राहतो. तेव्हा शेजारच्या काकूंकडे किल्ली असणं हे कुठल्याही पोर्टपेक्षा मोलाचं. ‘‘काकू, टीव्हीखाली पांढरा उभा डबा आहे ना, त्याचं खालचं बटण एकदाच दाबा, धरून ठेवू नका,’’ ही सूचना राउटरच्या कुठल्याही पानावर लिहिता येत नाही. जाता जाता आणखी एक. कन्सोल दुरून जागा झाला की एचडीएमआयच्या तारेतून तो टीव्हीलाही उठवू शकतो, आणि तुमचा खेळ तिथे दिसत राहतो. हॉलमध्ये झोपणाऱ्या आजीसमोर रात्री दीड वाजता टीव्ही आपोआप लागून त्यावर तलवारबाजी सुरू होणं आजीच्या प्रकृतीला चांगलं नाही. आणि ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून सांगितलेल्या माणसाचा खेळ भरदुपारी त्याच्या बायकोला हॉलमध्ये थेट प्रक्षेपित होणं त्याच्या प्रकृतीला चांगलं नाही. एचडीएमआय डिव्हाइस लिंक बंद ठेवावी. राउटरवरच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा या एका सल्ल्याने जास्त संसार वाचतील.

यावर अनुभवी माणूस म्हणतो, ‘‘अहो, पण पोर्ट उघडल्यावर आमचं चाललं ना!’’ चाललं असेल, नाही कोण म्हणतं. पण पोर्टची माहिती भरून सेव्ह दाबलं की कित्येक राउटर स्वतःला बंद करून पुन्हा चालू होतात, आणि महिनोन्‌महिने न झोपलेल्या राउटरला एवढी झोप मिळाली की घरातलं सगळंच सुधारतं. श्रेय मात्र पोर्टला जातं. तरी आक्षेपात तथ्य आहे हे मान्य. काही राउटर प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी वहीत वेगळाच नंबर टाकतात. सर्व्हरने सांगितलेला नंबर प्रत्यक्ष भेटीच्या वेळी बदललेला असतो आणि होल पंचिंग फसतं. नॅट टाइप ३ किंवा स्ट्रिक्ट दिसतं ते बहुधा अशा ठिकाणी. कंपनीच्या अधिकृत ॲपऐवजी दुसरं एखादं ॲप वापरणाऱ्यांनाही सर्व्हरची मध्यस्थी नेहमी मिळत नाही. या लोकांनी पोर्ट जरूर उघडावं. मात्र आधी राउटरच्या डीएचसीपी यादीत कन्सोलचा आतला पत्ता कायमचा राखून ठेवावा, नाहीतर उद्या पत्ते फिरतात आणि ९२९५, ९२९६, ९२९७ या नंबरांचे पाहुणे आजोबांच्या टॅबलेटकडे जायला लागतात. पुढे सूचना द्यायची ती तेवढ्या नंबरांपुरती. डीएमझेड नको. यूपीएनपीबद्दल एवढंच आठवावं की जानेवारी २०१३मध्ये रॅपिड७ या कंपनीला यूपीएनपीतल्या त्रुटींमुळे इंटरनेटवरून थेट हल्ला होऊ शकेल अशी चार ते पाच कोटी उपकरणं सापडली, आणि अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने ही सोय बंद ठेवा असं जाहीरपणे सांगितलं.

‘‘आमच्या घरात चोराला काय मिळणार?’’ हा पुढचा आक्षेप, आणि तो विनयाचा असला तरी चुकीचा आहे. चोराला तुमचं काही नको असतं. त्याला तुमचं यंत्रच हवं असतं. २०१६ साली मिराई नावाच्या एका प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखांनी पकडले आणि त्यांच्याकडून मोठमोठ्या संकेतस्थळांवर मारा करवला. २१ ऑक्टोबरला डीएनएस पुरवणारी डाइन ही कंपनी कोलमडली तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी ओळखीच्या सेवा काही तास बंद पडल्या. आता गंमत पाहा. हे शस्त्र बनवणारी पोरं कोणा परकीय सत्तेची हस्तक नव्हती. माइनक्राफ्ट हा गेम चालवणाऱ्या सर्व्हरांच्या धंद्यातली स्पर्धा, एकमेकांचे सर्व्हर पाडण्याची खुमखुमी, यातून ते जन्माला आलं होतं, आणि २०१७च्या डिसेंबरात तिघांनी गुन्हा कबूल केला. गेम खेळण्यासाठी फाटकं उघडी टाकायची आणि त्याच फाटकांतून दुसऱ्या कुणाच्यातरी गेमच्या भांडणात आपल्या जिन्यातल्या कॅमेऱ्याने भाग घ्यायचा, इतका पूर्ण वर्तुळाचा विनोद सुचायला प्रतिभाच लागते. ज्या घरात राउटरचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ आहे तिथे पोर्टआधी तो बदलावा.

एवढं करूनही पोर्ट उघडत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्याबद्दल मला खरी सहानुभूती आहे. त्यांनी उघडलंय ते फाटक त्यांच्या सोसायटीचं; पण सोसायटी उभी आहे एका अवाढव्य टाउनशिपच्या आत, आणि टाउनशिपच्या फाटकावरचा वॉचमन त्यांचं ऐकत नाही. पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ला वाटून संपला. आशिया-पॅसिफिकचा हिस्सा त्याच एप्रिलमध्ये तळाला गेला. तेव्हापासून सेवा पुरवणाऱ्या कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात, आणि २०१२च्या एप्रिलमध्ये त्यासाठी १००.६४पासून १००.१२७पर्यंतचे पत्ते खास राखून ठेवण्यात आले. ओळखायची खूण सोपी. राउटरच्या पानावर वॅनचा म्हणून जो पत्ता दिसतो तो आणि बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला दिसणारा तुमचा पत्ता वेगळे असतील, तर वर आणखी एक वॉचमन आहे. (आधी कंपनीच्या मोडेमच्या मागे स्वतःचा दुसरा राउटर तर लावलेला नाही ना, हे पाहून घ्यावं, हौसेने आपणच दोन वॉचमन नेमलेले असतात.) अशा घरात पोर्ट उघडण्यात घालवलेला रविवार हा निव्वळ रविवार असतो. महिन्याचे जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यावा, नाहीतर मधल्या सर्व्हरवरून जोडून देणारा व्हीपीएन वापरावा. ज्यांना सार्वजनिक पत्ता आहे त्यांनाही मी व्हीपीएनच सुचवेन: वायरगार्डसारखा असेल तर एकच पोर्ट लागतं, आणि किल्ली नसलेल्याने ठोठावलं तर आतून ‘कोण आहे’ एवढंही उत्तर जात नाही.

जाणकारांचा आक्षेप याच्या पुढचा असतो: आयपीव्ही६ आलं की हे सगळं रडगाणं संपेल. तिथे पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे घरातल्या मिक्सरलाही स्वतःचा जगजाहीर पत्ता. त्याचे पहिले नियम १९९५च्या डिसेंबरात निघाले, आणि ते वापरण्यात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. आपल्या फोनांना तो पत्ता कधीच मिळाला, आपल्याला कळलंही नाही. पण पत्ता मिळाला म्हणून कुणी फाटक काढून टाकत नाही. राउटरची फायरवॉल आयपीव्ही६वरही न बोलावलेल्याला आत घेत नाही, आणि घेऊही नये. वही राहते, फक्त नंबर बदलून लिहिण्याची कटकट जाते. होल पंचिंगला हे सोपं पडतं, एवढा फायदा नक्की. पण त्यासाठी दोन्ही टोकांना आयपीव्ही६ हवं, हॉटेलच्या वायफायवर ते बहुधा नसतं, आणि हॉटेलच्या वायफायची इतर दुखणी इथे लिहायला जागा नाही.

राहता राहिलं अंतर, ज्यावर कुठल्याच राउटरचा इलाज नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई जाऊन येणं त्याला दीड-दोन मिलिसेकंदांचं काम. गेममधलं एक चित्र पडद्यावर सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं, तेव्हा हे अंतर जाणवतच नाही. मुंबई-दुबई सरळ रेषेत एकोणीसशे किलोमीटर, जाऊन-येऊन किमान एकोणीस. तिथला मराठी माणूस नाशिकच्या घरचा कन्सोल बऱ्यापैकी खेळू शकतो. लंडनला हाच आकडा सत्तरच्या वर जातो. न्यू जर्सीला किमान सव्वाशे, आणि प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत धावत नसल्यामुळे दोनशेच्या आसपास. वर व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याचा वेळ वेगळाच. आता ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आतच पोचतो. त्यातले दोनशे-अडीचशे मिलिसेकंद वर्सोव्याच्या किनाऱ्यापासून पुढे पाण्याखाली गेले तर फलंदाजाला चेंडू दिसून त्याचं बटण परत पोचेपर्यंत तो जवळपास अर्धं अंतर तोडून आलेला असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून नाशिकच्या कन्सोलवर क्रिकेट खेळणाऱ्याने म्हणून नाणेफेक जिंकून फलंदाजी संगणकाकडे द्यावी, क्षेत्ररचना आपण लावावी, रिव्ह्यू कधी घ्यायचा ते ठरवावं, आणि संघ हरला तर पत्रकारांसमोर खेळपट्टीला दोष द्यावा. हे सगळं दोनशे मिलिसेकंद उशिरानेही उत्तम जमतं.